प्रॅक्टिसवाले साहेब

आमचे साहेब कुणालाही आधी नमस्कार करत नसत. पुसदच्या बाजारात समोरून जिनिंगचे मालक आले, हेडमास्तर आले, खुद्द तहसीलदार आले, तरी साहेब छत्री काखेत मारून खांबासारखे ताठ. समोरच्याने हात जोडले की मात्र असे कमरेत वाकायचे, की समोरच्यालाच संकोच वाटावा. गाव त्यांना घमेंडखोर म्हणायचं. मी त्यांच्या हाताखाली काही वर्षं काढली, त्यामुळे खरं कारण मला ठाऊक आहे. साहेब चार्टर्ड अकाउंटंट होते. त्यांच्याकडे दिल्लीच्या संस्थेने दिलेला प्रॅक्टिसचा परवाना होता, आणि परवानेवाल्याने स्वतःहून काम मागू नये, जाहिरात करू नये, असा संस्थेचा नियम होता.

"मी आधी नमस्कार केला," साहेब मला एकदा समजावून सांगत होते, "आणि त्या गृहस्थाला वाटलं, हा काम मागतो आहे. उद्या तो खरोखर काम घेऊन आला. मग मी कुठल्या तोंडानं म्हणू, की मी मागितलं नव्हतं?"

"पण साहेब, तो तुमचा साडू आहे!"

"साडूचाही धंदा असतो," साहेब म्हणाले.

तर अशा या माणसाचा परवाना एकदा जाता जाता राहिला. आरोप काय, तर साहेब परवान्याच्या आड डॉक्टरकी करतात! मी खोटं सांगत नाही. साहेबांच्या परवान्यावर माझंही सगळं टांगलेलं होतं, म्हणून त्या प्रकरणातला कागद न् कागद मला पाठ आहे.

माझं प्रकरण असं होतं. मी नागपूरला बी.कॉम. झालो आणि मला साहेबांसारखाच परवाना पाहिजे होता. तो नुसत्या परीक्षेने मिळत नाही. परवाना असलेल्या माणसाच्या हाताखाली ठरलेली वर्षं उमेदवारी करावी लागते. त्या उमेदवाराला आर्टिकल म्हणतात. उमेदवारी चालू असताना गुरूचा परवाना गेला, की चेल्याने दुसरा परवानेवाला शोधायचा. आमच्या भागात परवानेवाले साहेब एकटेच. दुसरे होते ते थेट नागपुरात, आणि मला नागपुरात आणखी ठेवणं पोस्टात टपाल वाटणाऱ्या माझ्या वडिलांना झेपणारं नव्हतं. साहेबांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "आर्टिकल, इकडे या," असं म्हणायचे. घरच्या मांजरालाही ते "मांजर" असंच म्हणत, त्यामुळे मी मनाला लावून घेतलं नाही.

साहेबांचा परवाना काचेच्या चौकटीत होता आणि ती चौकट स्वयंपाकघरात टांगलेली होती. बैठकीत लावली तर येणाराजाणारा वाचेल, आणि वाचली की जाहिरात झाली. काकूंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, तिला लोणच्याच्या बरण्यांवरची जागा दिली होती. चुलीच्या धुराने परवाना हळदीच्या रंगाचा झाला होता. "दिल्लीवाल्यायचा कागद माह्या लोणच्याची राखण करून राह्यला," असं काकू येणाऱ्या बायांना हौसेने दाखवत. साहेब कानावर हात ठेवून बाहेर निघून जात, कारण बायकोने केलेली जाहिरात नवऱ्याच्या खाती पडते का, याचा नियम त्यांना सापडला नव्हता.

दर वर्षी त्या परवान्याची फी दिल्लीला पाठवायची असे. साहेब मनीऑर्डर स्वतः करत आणि पावती हातात येईपर्यंत कशावरही सही करत नसत. कशावरही म्हणजे कशावरही. एका वर्षी पावतीला उशीर झाला आणि नेमकं त्याच आठवड्यात मुलीच्या शाळेचं प्रगतिपुस्तक घरी आलं.

"अहो, ही सही बापाची आहे," काकू म्हणाल्या. "तिले परवाना कायले पाह्यजे?"

"बापाची असेल, पण हात तोच आहे," साहेब म्हणाले.

पोरगी तीन दिवस वर्गाबाहेर उभी राहिली. चौथ्या दिवशी पावती आली आणि साहेबांनी आधी जिनिंगच्या ताळेबंदावर सही केली, मग प्रगतिपुस्तकावर. क्रमाने.

पत्राच्या कागदांचं तर विचारू नका. साहेबांनी पुसदला बसताना एक मोठा गठ्ठा छापून घेतला होता. वर नाव, खाली हुद्दा, त्याखाली पुसद, मध्यप्रदेश. कागद संपायच्या आत आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. साहेबांनी प्रत्येक कागदावर "मध्यप्रदेश" खोडून हाताने "मुंबई" लिहिलं आणि खोडाखोडीपाशी छोटी सही केली. आणखी काही वर्षांनी महाराष्ट्र झाला. गावात गुलाल उधळला जात होता आणि साहेब खिडकी लावून "मुंबई" खोडत बसले होते. त्यामुळे त्यांच्या कागदाच्या डोक्यावर एवढ्या सह्या असायच्या, की खालचा मजकूर वाचायच्या आधीच माणूस दबून जायचा. पुढच्या साऱ्या भानगडीत या कागदांचा मोठा हात आहे.

आता डॉक्टरकी. साहेब काय करतात हे गावात कुणाला धड माहीत नव्हतं, कारण साहेब सांगतच नव्हते. कुणी घरमालकाला विचारलं, तर तो म्हणायचा, "प्रॅक्टिस करतेत." आमच्या पुसदात तेव्हा प्रॅक्टिस करणारे दोनच जातीचे लोक. एक वकील, दुसरे डॉक्टर. वकील काळा कोट घालायचे. साहेब पांढरा कोट घालायचे, कारण पांढऱ्यावर शाईचा डाग लपत नाही आणि डाग लपला की निष्काळजीपणा वाढतो. काळा कोट नाही आणि प्रॅक्टिस आहे, म्हणजे डॉक्टर! आता यात लोकांची काही चूक होती का, तुम्हीच सांगा.

मी पहिल्यांदा पाहिलेला पेशंट मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. सोमवारचा दिवस होता. जवळच्या बंजारा तांड्यावरची एक बाई सात-आठ वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन दारात आली. अंगावर आरशांची चोळी, हातभर बांगड्या, कपाळावर घाम.

"सायेब, माह्या छोऱ्याले लय ताप हाये. तीन रोज झाले."

"मी डॉक्टर नाही," साहेब म्हणाले.

"मंग काय हा तुमी?"

इथे साहेब अडकले. आपण काय आहोत हे सांगायचं म्हणजे हुद्दा सांगायचा. हुद्दा स्वतःच्या तोंडाने सांगायचा म्हणजे जाहिरात. साहेब गप्प राहिले. बाईने त्या गप्प राहण्याचा अर्थ लावला, की मोठा डागदर आहे, मिजास नाही.

"पाहा ना सायेब एकडाव नाडी. लेकरू पाह्य कसं निपचित पडलं."

साहेबांनी पोराकडे पाहिलं. नाडी बघणं नियमात बसत नव्हतं, पण तापाने फणफणलेल्या लेकराला दारातून परत पाठवणंही त्यांच्या कुठल्याच नियमात बसत नसावं. त्यांनी तीन राज्यांचा कागद काढला, सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली, खाली सही केली आणि शिक्का मारला. ती चिठ्ठी मी वाचली तेव्हा मला बाहेर जाऊन हसावं लागलं. हिशेब तपासल्यावर साहेब जो दाखला लिहायचे, त्याच भाषेत त्यांनी पोराचा दाखला लिहिला होता:

"सदर मुलगा आज माझ्यासमोर आणण्यात आला. त्याच्या आईने दिलेल्या माहितीनुसार व स्पष्टीकरणानुसार त्यास तीन दिवसांपासून ताप आहे. मी ताप तपासलेला नाही. मुलाचे निपचित पडणे मात्र माझ्या समक्ष आहे. या मर्यादेस अधीन राहून, तो आजारी असल्याचे चित्र माझ्या मते खरे व वाजवी आहे."

सरकारी डॉक्टर रसिक होते. ही चिठ्ठी त्यांनी कंपाउंडरला मोठ्याने वाचून दाखवली म्हणे. "अरे, 'मी तपासलेला नाही' असं लिहिणारा माणूस मी पहिल्यांदा पाहून राह्यलो," ते म्हणाले. "या सायबाची चिठ्ठी आली, का पेशंट पहिले आत घे." कंपाउंडर हुकमाचा ताबेदार. चिठ्ठी दिसली की रांग बाजूला.

मग काय! सोमवारी सोमवारी आमच्या ओट्यावर खोकले, कळा, खरूज, मोडके हात, सगळे रांगेने बसू लागले. चिठ्ठी असली का लवकर नंबर लागते, ही खबर तांड्यातांड्यावर गेली. एकदा तर ढाणकीहून एक म्हातारा दमेकरी बैलगाडीने आला. साहेबांनी त्याचा दमा "माझ्या समक्ष, दोनदा" असा नोंदवला. साहेब चिठ्ठीचे पैसे घेत नसत, सल्ला देत नसत, पाणी पाजलं तरी आधी "हे औषध नाही" असं बजावून पाजत. मला वाटतं, सोमवारची ते वाट पाहत असावेत. पण तसं विचारलं असतं तर त्यांनी माझ्याकडे पुरावा मागितला असता.

याच सुमाराला गावातले एक गृहस्थ साहेबांकडे आले. ते विक्रीकराची कामं करत. त्यांच्याकडे परवाना नव्हता, पण एका कंपनीचा ताळेबंद त्यांनी आपल्या हाताने तयार करून आणला होता.

"साहेब, बाकी सारं मी करून आनलं. फक्त तुमची सही पाह्यजे."

"फक्त?" साहेबांनी विचारलं.

"हो ना. फक्त सही."

"मग तुम्हीच करा."

"माह्या सहीले कोन इचारते साहेब?"

"माझी सही जर फक्त असली, तर तिलाही कुणी विचारणार नाही."

गृहस्थांनी कागद गोळा केले. चेहरा लाल. दारात वळून म्हणाले, "ठीक हाये. मी पाहून घेतो तुमाले!"

"जरूर पाहा," साहेब अगदी आदराने म्हणाले. "पाहिल्याशिवाय काहीच करू नये."

ते त्यांनी मनावर घेतलं. दोन महिन्यांनी दिल्लीहून रजिस्टर पत्र आलं. टपाल माझ्याच वडिलांनी आणून दिलं आणि त्यांनी ते मोठ्या कौतुकाने साहेबांच्या हातात ठेवलं, मुलाच्या भवितव्याचं काहीतरी दिल्लीहून आलं म्हणून. साहेबांनी पत्र उभ्यानेच वाचलं आणि मग माझ्याकडे दिलं. संस्थेकडे तक्रार आली होती, की सदर सभासद प्रॅक्टिसच्या जागेत परवानगीविना वैद्यकीचा दुसरा व्यवसाय करतात. पुराव्यादाखल एक चिठ्ठी जोडली होती. तीन राज्यं, तीन सह्या, खाली शिक्का. परवाना काढून का घेऊ नये, याचा लेखी खुलासा ठरल्या मुदतीत करावा, असं पत्रात म्हटलं होतं.

मी हसत सुटलो. म्हटलं, साहेब, चार ओळींत उत्तर लिहून टाका, आरोप खोटा आहे. पण साहेब आपली खुर्ची सोडून पक्षकारांच्या बाकावर जाऊन बसले.

"आरोप खोटा आहे हे तुम्ही तपासलं आहे का, आर्टिकल?"

"मला माहीत आहे साहेब!"

"माहीत असणं वेगळं, तपासणं वेगळं. आणि ज्याच्या परवान्याबद्दल प्रश्न आला आहे, त्यानं उत्तर येईपर्यंत सही करू नये."

त्या दिवसापासून साहेबांनी सही बंद केली. पक्षकार येऊन हात हलवत परत जाऊ लागले. माझं हसू जिरलं. परवाना गेला तर साहेब पुसदात काय करणार होते? त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आधी नमस्कार करणंसुद्धा. आणि मी काय करणार होतो?

साहेबांनी स्वतःचीच तपासणी सुरू केली. आधी मला समोर बसवून विचारलं, मी चिठ्ठी देताना पाहिलं का, पैसे घेताना पाहिलं का. मग दवाखान्यात जाऊन डॉक्टरांची साक्ष घेतली. डॉक्टर म्हणाले, "मी लेहून देतो. तुमच्या चिठ्ठ्यायची जुडी हाये माह्यापाशी. एकाबी चिठ्ठीत औषध नाही. सारखं आपलं 'मी तपासलेले नाही, मी तपासलेले नाही.'" इथपर्यंत सगळं आमच्या बाजूने होतं. मग साहेब स्वयंपाकघरात गेले.

"या घरात एखाद्या आजारी माणसाकडून कधी काही घेतलं गेलं आहे का?" त्यांनी काकूंना विचारलं. मी दाराशी वही घेऊन उभा.

"त्या तांड्यावरच्या याडीनं सीताफळं आनली होती की," काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या. त्या बाईला तिचं पोरगं याडी म्हणायचं, आई या अर्थाने, म्हणून आम्हीही तिला याडी म्हणत असू. "पोरगं बरं झालं म्हनून टोपलंभर घेऊन आली होती बिचारी."

"ती कुणी खाल्ली?"

"तुमी नाही त कोनं? ओट्यावर बियांचा ढीग कोनं केलता?"

साहेबांचा चेहरा परवान्यासारखा पिवळा पडला. "मोबदला," ते म्हणाले.

"अहो, सीताफळ हाये ते!"

"मोबदला कुठल्या झाडाला लागतो हे नियमात दिलेलं नाही," साहेब म्हणाले आणि बाहेर येऊन त्यांनी खुलासा लिहायला घेतला.

खुलासा मी टाइप करायचा होता. आठ परिच्छेद. पहिले सहा असे खणखणीत, की दिल्लीच्या संस्थेने उलट माफी मागावी. आणि सातवा असा: "सदर मुलाच्या आईने नंतर टोपलीभर सीताफळे आणून दिली. ती मी स्वीकारली व खाल्ली. ती गोड होती."

"साहेब, गोड होती हे कशाला?"

"किंमत ठरवायला त्यांना उपयोगी पडेल."

मी मशीनपाशी बसलो. माझ्या डोळ्यांसमोर वडिलांची टपालाची पिशवी होती, नागपूरची खाणावळ होती, आणि वाया चाललेली तीन-साडेतीन वर्षं होती. सहा परिच्छेद टाइप केले. सातवा सोडला. आठव्याला सात आकडा दिला. माझ्या आयुष्यातली ती पहिली लबाडी, आणि सांगायला लाज वाटते, ती मी फार सफाईने केली. शेवटी एक टिंबसुद्धा चुकलं नव्हतं.

साहेबांनी पट्टी लावून ओळ न् ओळ वाचली. पट्टी खाली आली, थांबली, परत वर गेली.

"आर्टिकल," साहेब म्हणाले, "माझी सीताफळं कुठे गेली?"

मी एकदम सगळंच बोलून टाकलं. "साहेब, परवाना जाईल. तुमचा जाईल आणि माझंही सगळं जाईल. ती सीताफळं दिल्लीत कुणाला माहीत आहेत? तुमच्या त्या वैऱ्यालासुद्धा माहीत नाहीत!"

साहेब रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत.

"तुम्हाला परवाना कशासाठी पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"सही करायला."

"कशाखाली? सीताफळं गाळलेल्या कागदाखाली?"

साहेबांनी खण उघडून एका पत्राची नक्कल काढली आणि माझ्यापुढे सरकवली. नागपूरच्या एका जुन्या मित्राला त्यांनी आठवड्यापूर्वीच लिहिलं होतं. माझा उमेदवार हुशार आहे, माझा परवाना गेल्यास त्याला आपल्याकडे घ्यावं, आणि त्याची राहण्याजेवण्याची सोय माझ्या बहिणीकडे होऊ शकेल. खाली सहीऐवजी नुसतं नाव होतं, आणि नेहमीप्रमाणे एक ओळ होतीच: "त्याच्या हुशारीबाबत मी स्वतः तपासणी केली आहे."

"साहेब, हे तर मागणं झालं," मी कसाबसा म्हणालो.

"झालं. पण स्वतःसाठी नाही. नियम नीट वाचा." आणि थोडं थांबून म्हणाले, "मित्राचं उत्तर अजून आलं नाही. घाई करून पेटी बांधू नका."

मी सातवा परिच्छेद टाइप केला. गोड होती, हेसुद्धा. साहेबांनी सही केली. स्वतःच्या खुलाशावर सही केलेली चालते, हे त्यांनी आधी पुस्तकात पाहून घेतलं होतं.

त्यानंतर आम्ही वाट पाहिली. कार्तिक गेला, संक्रांत गेली. साहेब रोज दहाला पांढरा कोट घालून येत आणि बाकावर बसत. त्यांची खुर्ची रिकामी. मी तिच्यावरची धूळ पुसायचो, आणि मांजर तिच्यात जाऊन झोपायचं. साहेब त्याला उठवत नसत. म्हणत, त्याला सही करायची नसते. सोमवारी लोक यायचे. साहेब चिठ्ठी देत नसत, कारण चिठ्ठीलाही सही लागते. दुपारी टपालाची मोटार आली, की आम्ही दोघेही दुसरीकडे पाहत असू. बाहेर माझे वडील पिशवी घेऊन दिसायचे आणि दुरूनच मान हलवायचे. नाही. आज नाही.

एका शनिवारी त्यांनी मान हलवली नाही. ते पायरी चढून वर आले.

पत्र दोन पानांचं होतं. साहेबांनी ते मला वाचायला लावलं आणि स्वतः डोळे मिटून बसले. सभासदाने वैद्यकी केल्याचं कुठेही दिसत नाही. फळांची नोंद घेण्यात आली आहे. ती कृतज्ञतेपोटी दिलेली दिसतात, मोबदला नव्हे. तक्रार फेटाळण्यात येते, परवाना कायम. मी इतक्या मोठ्याने ओरडलो, की काकू पिठाच्या हाताने बाहेर आल्या आणि वडील पायरीवरून परत वळले.

"पुढे वाचा," साहेब म्हणाले. "पान दुसरं आहे."

दुसऱ्या पानावर थोडकंच होतं. तथापि, नाव, हुद्दा व शिक्का असलेले कागद सभासदाने कामाशी संबंध नसलेल्या लोकांत वाटले आहेत. त्यामुळे सभासदाची अप्रत्यक्ष जाहिरात होते. हेतू तसा नसला तरी ही प्रथा ताबडतोब बंद करावी आणि यापुढे काळजी घ्यावी, अशी समज देण्यात येत आहे.

मला हसू फुटत होतं आणि साहेबांकडे पाहून ते आवरतही होतं. साडूला नमस्कार न करणारा माणूस तालुक्याच्या तांड्यातांड्यावर आपल्या नावाची पत्रकं वाटत होता, आणि ते दिल्लीने पकडलं.

"बरोबर आहे त्यांचं," साहेब म्हणाले. "माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं." मग एकदम वऱ्हाडीत, काकूंकडे पाहून, "आन मी मात्र बजारात कोनाले हात जोडत नोहतो!"

काकू पदराने डोळे पुसत हसत होत्या. साहेब उठले, मांजराला खुर्चीतून उचलून खाली ठेवलं आणि तुंबलेल्या कागदांवर सह्या करायला बसले.

सोमवार आला. मी सकाळीच ओट्यावर जाऊन सांगून टाकलं, की आता चिठ्ठ्या कायमच्या बंद, दिल्लीचा हुकूम आहे, थेट दवाखान्यात जा. बरेचसे उठून गेले. एक म्हातारा उठला नाही. तांड्यावरचाच होता, डोळ्यांना फडकं बांधलेलं, हातात काठी, सोबत कुणी नाही.

"चिठ्ठी नाही त मंग मले आत कोन घेईन?" तो म्हणाला.

"रांगेत उभे राहा बाबा, नंबर लागेल."

"मले दिसत नाही रे बापू. रांग कोठं सुरू होते अन् कोठं सरते, मले काय माहीत?" आणि तो बसून राहिला. भांडत नव्हता, काही मागतही नव्हता. नुसता बसून राहिला.

आत साहेबांचा टाक थांबला. मला वाटलं, आता चिठ्ठी लिहितात की काय. साहेब बाहेर आले तेव्हा हातात कागद नव्हता. छत्री होती.

"चला," ते म्हाताऱ्याला म्हणाले.

मी मागोमाग गेलो, कारण मला राहवलं नाही. साहेब पुढे, त्यांच्या छत्रीचं एक टोक धरून म्हातारा मागे, असे ते पुसदच्या भर बाजारातून गेले. दवाखान्यात मोठी रांग होती. साहेबांनी तिचा शेवट शोधला आणि म्हाताऱ्याला आपल्यापुढे उभं केलं. दीड तास उभे होते. मधे कंपाउंडरचं लक्ष गेलं आणि तो धावत आला.

"साहेब, तुमी? चिठ्ठी द्या ना, पहिले घेतो!"

"चिठ्ठी नाही. आम्ही रांगेत आहोत."

नंबर लागला तेव्हा कंपाउंडरने रजिस्टर उघडलं. म्हाताऱ्याचं नाव लिहिलं, तांडा लिहिला. मग टाक वर करून साहेबांना विचारलं, "सोबत कोन हाये, ते लेहा लागते. तुमी या बाबाचे कोन?"

साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्यांना ओळखून होतो. जे सिद्ध करता येत नाही ते साहेब बोलणार नव्हते. रांगेतले लोक थांबले. कंपाउंडरच्या टाकाची शाई वाळायला लागली.

"लेह्य ना," म्हातारा म्हणाला. "आमचा मानूस हाये."

कंपाउंडरने तसंच लिहिलं. साहेबांनी वाकून, चष्मा सारखा करून, ती ओळ दोनदा वाचली, आणि हरकत घेतली नाही.